गार राहा, गप्प राहा

५ जानेवारी

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. मायना लिहायला घेतला आणि पेन तिथेच अडलं. इतकी वर्षं तुला 'चि. सौ.' लिहीत आलो. आता 'सौ.' लिहिता येत नाही, आणि त्या जागी लोक जे लिहितात ते माझ्या हातून लिहवत नाही. म्हणून मधली जागा मोकळी सोडली आहे. राग मानू नकोस.

ते सगळं आटोपून तू गाडीत बसलीस, त्यानंतर हे माझं पहिलंच पत्र. फोन करतेस, नाही असं नाही. पण जन्मभर ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या ऑपरेटरला फोनवर नुसती गुणगुणच ऐकू येते. तू काय म्हणतेस ते कळत नाही, मी आपला 'हो हो' करत राहतो. मागच्या वेळी तू बहुतेक 'जेवलात का' असं विचारलंस आणि मी म्हणालो, 'होईल हळूहळू.' तू तेच पुन्हा मोठ्याने विचारलंस, तेव्हा लक्षात आलं.

कागदावर बरं असतं. कागद मोठ्याने बोलावा लागत नाही.

पत्राला कारण आहे. आमच्या सबस्टेशनातली म्हातारी तुला आठवत असेल. लग्नानंतर तू पहिल्यांदा इथे आलीस तेव्हा आमच्या चिरंजीवांनी तुला आधी तो ट्रान्सफॉर्मर दाखवला आणि मग घर. 'ही आमची म्हातारी, हिच्या पाया पड,' म्हणाला होता, आणि तू खरोखरच वाकलीस. मी कुंपणाच्या आतून बघत होतो. म्हटलं, जोडा बरा जमलाय. दोघंही तेल तपासणारे, तेलाच्याच लॅबमध्ये भेटलेले.

तर त्या म्हातारीचं तेल काळवंडलंय. ब्रीदरच्या भांड्यातले ओल टिपणारे निळे खडे पार गुलाबी झालेत. दिसायला छान दिसतात, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या कागदी फुलांसारखे, पण गुलाबी म्हणजे आत जाणाऱ्या हवेतून ओल शिरतेय. सध्याचा ऑपरेटर, ज्याला सगळे 'टोपी' म्हणतात (स्वतःच्या लग्नातही त्याने ती काढली नव्हती), मला म्हणाला, 'काका, वरच्या ऑफिसातून कुणी बघायला येत नाही. तुमची सून लॅबमध्ये आहे ना अजून?'

'अजून' आहेस ना? त्याने विचारलं आणि मला उत्तर माहीत नव्हतं. तू अजून लॅबमध्ये आहेस का, आणि अजून माझी सून आहेस का, दोन्ही. मुलगा गेला की सून कोण लागते, हे आम्हाला शाळेत शिकवलं नाही. नात्यांच्या धड्यात आत्या, मावशी, जाऊ, नणंद सगळं होतं, गुरुजी छडी वाजवत म्हणून घ्यायचे. हे नव्हतं.

नमुना सोबत पाठवत आहे. बाटली त्याच तेलाने दोनदा विसळली, पहिली धार सोडून दिली, काठोकाठ भरली, आत हवेचा बुडबुडा ठेवला नाही. शिकाऊ पोरांना मी हे सगळं गाण्यातून शिकवायचो, चिरंजीवाने तुला म्हणून दाखवलं असेल:

तेल नाही तळायाचे, तेल नाही माळायाचे,
लोखंडाच्या पोटामध्ये जीव लावून पाळायाचे.
ओल त्याला सोसत नाही, धूळ त्याला पोसत नाही,
गार राहा, गप्प राहा, दुसरे काही पुसत नाही.

चाल शाळेतल्याच एका कवितेची. त्या कवितेचे शब्द आता आठवत नाहीत. चाल तेवढी राहिली.

बाकी ठीक. जेवतो, झोपतो. चहा गरम आहे हे कळतं.

तुझा,
बाबा


१९ जानेवारी

ती. बाबांस,

नमस्कार. मायन्यातली मोकळी जागा तशीच असू दे. नाहीतर तिथे 'तपासनीसबाई' लिहा. लॅबमधला शिपाई मला तेच म्हणतो.

लॅबमध्ये आहे. अजून.

बाटली नीट पोचली. काठोकाठ भरलेली, बाहेर एक थेंब नाही. इथे भल्याभल्या साहेबांच्या बाटल्या अर्ध्या भरलेल्या आणि चहाच्या डागांसकट येतात. तुमची बाटली टेबलावर ठेवली तर शेजारची बाई म्हणाली, 'ही कुणा शिस्तीच्या माणसाची दिसते.' मी म्हटलं, सासऱ्यांची.

निकाल. ओलावा जास्त आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही. आम्लता वाढलीय, म्हणजे तेल आंबत चाललंय, तळाशी गाळ धरायला लागला असेल. विरघळलेले वायू थोडेथोडे सगळेच आहेत, त्या वयात ते असायचेच. घाबरण्यासारखं काही नाही. टोपीला सांगा, खडे भट्टीत भाजून पुन्हा निळे करून घाल, आणि तेल एकदा गरम करून गाळून घे. म्हातारी अजून काही वर्षं काढेल.

विजेच्या दाबाची चाचणी मी स्वतः केली. तुम्हाला माहीतच आहे, कपात तेल, तेलात दोन गोळे, मधे नखाच्या जाडीएवढी फट. मशीन दाब वाढवत नेतं. तेल सोसतं, सोसतं, आणि मग ठिणगी पडते. पूर्वी मी दर वेळी दचकायचे. तो पाठीमागे उभा राहून हसायचा. 'तेलाला काही झालेलं नाही, तूच घाबरलीस. बघ, ढवळलं की भरून आलं.' खरंच येतं. ठिणगीची जागा तेल भरून काढतं, आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. ट्रान्सफॉर्मरच्या आत तारेच्या गुंडाळीवर असतो तो कागद मात्र एकदा जळला की जळला.

आता मी दचकत नाही. ठिणगी पडते, मी आकडा लिहिते.

त्याचे बूट अजून दाराशीच आहेत. मी बाजूने जाते. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही, आणि हे कुणाला सांगायचं कळत नाही. आई ऐकून रडायला लागते. भाऊ म्हणतो, डॉक्टरला दाखव. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही फक्त 'ठीक' म्हणाल.

हल्ली इथे बियांच्या तेलाचे नमुने खूप येतात. ते त्याचं लाडकं. सहसा पेट घेत नाही, जमिनीवर सांडलं तर मातीत जिरून जातं, ओल कितीही पोटात घेऊन बसतं आणि कुरकुरत नाही. एकच खोड: उघड्या हवेत ठेवलं की चिकट होऊन घट्ट व्हायला लागतं. शेवटच्या खेपेला तो तुमच्यासाठी त्याचा एक डबा घेऊन आला होता ना? 'बाबांनी झाकणसुद्धा उघडलं नाही,' म्हणाला होता. हसत होता.

दर महिन्याला नमुना पाठवत जा. अशा म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरवर लक्ष ठेवलेलं बरं. आणि बाटलीबरोबर चार ओळीही.

तुमची,
सून


११ फेब्रुवारी

चि. तपासनीसबाईंस,

आशीर्वाद. बघ, लिहिलं. बरं दिसतं.

तुझं पत्र टोपीला वाचून दाखवलं, तेलापुरतं. 'म्हातारी अजून काही वर्षं काढेल' इथे आल्यावर तो म्हणाला, 'काका, परत वाचा.' मी परत वाचलं.

दुसरा नमुना पाठवत आहे. म्हातारी बरी आहे.

डब्याचं विचारलंस. आहे, मागच्या खोलीत, कपाटाच्या खाली. भांडण वगैरे नव्हतं ते. नेहमीचंच आमचं. मी म्हणालो, 'अरे, हे तर तळायचं तेल! जमिनीतून निघणारं तेल सोडून आता शेतातलं तेल ट्रान्सफॉर्मरमध्ये ओतणार? उद्या फोडणीही तिथेच द्या.' तर म्हणतो, 'बाबा, आता तुमची कविता बदला. पहिलीच ओळ चुकीची झालीय.' मी म्हणालो, 'कविता बदलत नसते.' तो डबा ठेवून गेला. मला काय माहीत, तो काय ठेवून जातोय.

किती तऱ्हेची तेलं बघितली मी. सुरुवातीला आमच्याकडे एक न पेटणारं तेल होतं. पाण्यापेक्षा जड, थेंब टाकला की पाण्यात तळाला बसायचा. काय कौतुक होतं त्याचं! काडी लावली तरी पेटत नाही म्हणून आम्ही पाहुण्यांना करून दाखवायचो. हाताचं काळं जायचं नाही तेव्हा त्यातच हात धुवायचो. मग एक दिवस कळलं की ते विष आहे. बंदी आली. तोंड बांधलेली, हातमोजे घातलेली माणसं आली आणि डबे उचलून घेऊन गेली. मी माझ्या हातांकडे बघितलं. तसेच होते. आम्ही कडेला उभे होतो, आम्हाला कुणी हातमोजे दिले नव्हते.

मग सिलिकॉनचं. एका मोठ्या दुकानाच्या तळघरात बघितलं होतं. पाण्यासारखं नितळ, म्हातारं व्हायचं नावच घेत नाही. वर्गातल्या पहिल्या बाकावरची मुलगी असते तसं: शहाणं, स्वच्छ, आणि दुसऱ्या कुणात मिसळणार नाही. आमचं साधं खनिज तेल म्हणजे मधल्या बाकावरचं पोर. घाम येतो, काळवंडतं, आंबतं, पण वर्षानुवर्षं रोज हजर.

तेव्हा मला झाकण काढलं की कळायचं. आंबलेलं, जळकं, ओलं, चांगलं, सगळं वासावरून. लॅबचा निकाल नंतर यायचा, मी आधी सांगितलेलं असायचं. साहेब म्हणायचे, 'ह्यांचं नाक कापून लॅबमध्ये ठेवा.' चिरंजीव लहानपणी शाळेतून आला की माझ्या शर्टाचा वास घ्यायचा आणि सांगायचा, 'आज बाबा म्हातारीकडे होते.' त्याचंही नाक माझ्यावर गेलेलं.

हल्ली घर शांत आहे. इतकं शांत की कानच गुणगुणतात.

शाळेत आमच्या बाकाच्या खिडकीतून एक तारेचा खांब दिसायचा. कविता चालू असली की मी त्या तारेकडे बघत म्हणायचो, म्हणून सगळ्या कवितांमध्ये मला तारच दिसते. हे उगाच लिहिलं. बाटली सांभाळून उघड.

तुझा,
बाबा


२८ फेब्रुवारी

ती. बाबांस,

नमस्कार. उशीर झाला. लॅबमध्ये काम होतं, असं लिहिणार होते, पण काम नेहमीचंच होतं.

दुसऱ्या नमुन्याचा निकाल: आम्लता तेवढीच. ओलावा थोडा वाढलाय. वायू ठीक. सगळं ठीक.

एक विचारायचं आहे. भाऊ येऊन गेला. त्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवायची जागा निघाली आहे, त्याने माझ्यासाठी शब्द टाकलाय. म्हणतो, 'तेलाचा वास असलेली ती नोकरी सोड, ते घर सोड, सगळं सोड. नव्याने सुरू कर. जुन्या माणसांना पत्रं लिहीत बसून काय होणार आहे?' दाराशी आला तेव्हा बूट बघून थांबला. मग ते उचलून कपाटावर टाकायला निघाला. मी म्हटलं, राहू दे. त्याने ठेवले.

तो चांगला आहे. त्याचं चूक आहे असंही नाही. पण हे सगळं सोडायचं म्हणजे हे बाटल्यांचंही संपेल. तिथे लॅब नाही.

मला जावंसं वाटत नाही. राहावंसंही वाटत नाही. मार्च संपायच्या आत त्याला कळवायचं आहे. तुम्ही सांगाल तसं करेन. खरंच.

तुमची,
सून


८ मार्च

चि. तपासनीसबाईंस,

आशीर्वाद. पत्र मिळालं. वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

जा.

शाळा म्हणजे काय थोडं झालं? खडूचा खकाणा, मधल्या सुट्टीचा गलका, वर्गाच्या भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या कविता. शेजारच्या वर्गात मराठीचा तास असेल तेव्हा तुझ्या मुलांना जरा गप्प बसव आणि ऐक. एखाद्या कवितेची चाल ओळखीची निघाली तर मला शब्द लिहून पाठव. वर्गात एक तरी पोर खिडकीबाहेर बघत असेल, त्याला रागावू नकोस. तुझा भाऊ शहाणा आहे. नवीन माणसं, नवीन रस्ते. बुटांचं काय करायचं ते मला विचारू नकोस, मी त्याचा शाळेतला रेनकोट अजून खुंटीवरून काढलेला नाही.

माझी काळजी करायची नाही. मी गार आहे, गप्प आहे. टोपी येऊन जातो. परवा म्हणाला, 'काका, दूध नासलंय, चहा कसला पिताय?' मी म्हणालो, 'मला चालतं.' तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

सोबत तिसरा नमुना. हा शेवटचा समज. तू जायच्या आत एकदा बघून घे, म्हणजे म्हातारीची फाईल नीट बंद होईल. काम अर्धवट ठेवून जाऊ नये.

तेल ह्या खेपेला जरा जड वाटलं ओतताना. धार हळू पडत होती. थंडी अजून गेली नाही म्हणून असेल. झाकणही बोटांना चिकटत होतं, साबणाने धुतलं तरी गेलं नाही. हातच तसे झालेत माझे, काही धरलं की धरलंय हे उशिरा कळतं.

पुढे पत्र लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन. तू मुक्त आहेस, पोरी. हे मी रागाने लिहीत नाही. माझ्याकडे सध्या राग नाही, दुसरंही काही नाही.

तुझा,
बाबा


२२ मार्च

ती. बाबांस,

नमस्कार. बाबा, म्हातारी कधी गेली?

मला दुसऱ्या बाटलीतच कळलं होतं. चालू ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वायू विरघळलेले असतात, माणसाच्या श्वासासारखे. थोडे कमी, थोडे जास्त, पण असतात. पहिल्या नमुन्यात होते. दुसऱ्यात जवळजवळ नव्हते. म्हणजे तेल टाकीतून काढून कुठेतरी डब्यात, हवेला उभं होतं. तेल तेच, म्हातारीचंच, पण तिच्या पोटातलं नाही. मी तुम्हाला काय लिहिलं? 'वायू ठीक.' खोटं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा निकाल दिला. मला वाटलं, खरं लिहिलं तर तुम्ही ओशाळाल आणि बाटल्या बंद होतील.

तुम्हीही त्याचसाठी पाठवत होता ना? मी असं समजते. चूक असेल तर सांगा.

आता तिसरी बाटली. ओलावा इतका आला की मला वाटलं मशीन बिघडलं. दुसऱ्या मशीनवर घातलं, तेवढाच. एवढं पाणी पोटात घेतल्यावर म्हातारीच्या तेलाने केव्हाच मान टाकली असती. ह्याने टाकली नाही. दाब वाढवत गेले, हे आपलं सोसतंय. दाटपणा बघितला, दुप्पट-तिप्पट. तापवत गेले, पेटायला तयार नाही. शेजारची बाई म्हणाली, 'हे तुमच्या सासऱ्यांच्या ट्रान्सफॉर्मरचं नव्हे.' मी म्हटलं, 'त्यांची चूक होणार नाही.' मग मी बाटलीचं झाकण काढून वास घेतला.

बाबा, तो त्याचा डबा होता.

कच्च्या दाण्यांचा वास, आणि मागे थोडा वाळलेल्या गवताचा. त्या तेलावर काम करायचा तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाह्यांना हाच वास यायचा. मी भांडायचे, हे शर्ट बाकीच्या धुण्यात टाकू नकोस म्हणून. त्याच्या कपाटात आता तो वास नाही. मी सगळे शर्ट धुवून टाकले होते, इथे परत आल्याबरोबर, काही न वाटता. नीटनेटक्या घड्या करून ठेवले.

मी बाटली हातात घेऊन उभी होते. कप मशीनमध्ये तसाच होता, दाब चढत होता. आणि ठिणगी पडली.

मी दचकले. इतकी दचकले की बाटली सांडली असती. मागे कुणी हसलं नाही. मग काय झालं ते नीट आठवत नाही. शेजारच्या बाईने मशीन बंद केलं आणि मला बाकावर बसवलं. ती म्हणत होती, 'बरं झालं, बरं झालं.' मला तेव्हा तिचा राग आला. आता नाही.

घरी येऊन विचार करत बसले की तुमच्या हातून हे झालं कसं. दोन डबे शेजारी असतील, अंधारात सारखेच दिसत असतील. पण तुम्ही! झाकण उघडल्याबरोबर लॅबच्या आधी सांगणारे! चिकट झाकण, जड धार, सगळं तुम्हीच लिहिलंत आणि तुम्हालाच कळलं नाही. मग जुनी पत्रं काढली. 'चहा गरम आहे हे कळतं.' नासलेलं दूध. बाबा, तुम्हाला वास येत नाही. कधीपासून? आणि मला का लिहिलं नाहीत? मी तुम्हाला माझं लिहिलं होतं.

भावाला आज कळवलं, येत नाही. चिडला. म्हणाला, 'काय राहिलंय तुझं तिथे?' मी म्हटलं, सासरे आहेत. तो म्हणाला, 'ते आता कोण लागतात तुझे?' मी म्हटलं, सासरे. त्याने फोन ठेवला. करेल पुन्हा, मनाने वाईट नाही.

तुमच्या शाळेच्या धड्यात नव्हतं म्हणालात, तर लिहून घ्या. मुलगा गेला तरी सून सूनच लागते.

त्या डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवा. त्याला हवा सोसत नाही, साय धरते. तुमच्या बोटांना काही झालेलं नाही, ते तेलच तसं चिकटतं. ह्या खेपेला बाटली पाठवू नका. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी येते आहे. नमुना माझा मी घेईन.

पण त्याआधी एकदा झाकण उघडून बघा. कदाचित येईल वास.

तुमची,
सून


२९ मार्च

चि. सूनबाईस,

आशीर्वाद. ह्या वेळी मायन्यात जागा सोडलेली नाही. बघून घे.

म्हातारी तुझं पहिलं पत्र आलं त्याच आठवड्यात गेली. खडे भाजायला घेतले होते, तेवढ्यात वरून तिला मोडीत काढायचा हुकूम आला. क्रेन आली, तेल काढून टँकरमध्ये भरलं, साखळ्या बांधल्या, उचलली. टोपीने टँकरवाल्याला थांबवून मला एक डबा भरून दिला. क्रेन फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्याने टोपी काढली. पार टक्कल आहे त्याला. इतकी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. मला हसू यायला हवं होतं.

ते तुला लिहिलं असतं तर तू पुढचा नमुना कशाला मागवला असतास? बरोबर ओळखलंस. पुढे काही विचारू नकोस.

वासाचं. दवाखान्यातून त्याला घेऊन आलो त्या दिवसापासून. आधी वाटलं सर्दी आहे. मग भांडं करपलं, धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. तू तुझं लिहिलंस तेव्हाच लिहायला हवं होतं. पण तेलवाल्याने नाक गेलं म्हणून कुणाला सांगायचं?

तुझं पत्र आल्यावर मागच्या खोलीत गेलो. दोन्ही डबे दारात उजेडात आणले. एकावर टोपीने खडूने काढलेली खूण. दुसऱ्यावर चिठ्ठी, त्याच्या अक्षरात: 'बाबांसाठी. तळायचं नाही.' भिंतीकडे तोंड करून होती, म्हणून दिसली नव्हती. काठाला साय धरलीय, तू म्हणतेस तशी. नखाने काढली.

झाकण उघडलं. नाक अगदी तेलाला टेकेल इतकं जवळ नेलं. काही आलं नाही. थांबलो. पुन्हा वास घेतला. नाही आला. डोळे मिटून घेऊन बघितला, लहानपणी तो माझ्या शर्टाचा घ्यायचा तसा. काही नाही, पोरी. मग झाकण घट्ट लावलं.

तू लिहितेस कच्च्या दाण्यांचा, आणि मागे वाळलेल्या गवताचा. मी ते दोनदा मोठ्याने वाचलं.

ये. गेटपाशी टोपी असेल, तो सामान उचलेल, त्याला नाही म्हणू नकोस. डबा मी दारातच ठेवला आहे. आल्यावर तू उघड, वास घे, आणि मला सांग.

तुझा,
बाबा